सातव्या खडकाचं नाव

एका राज्यात जमीन रोज दोनदा वाढत असे आणि दोनदा घटत असे. समुद्र मागे सरला की राज्य मोठं, पुढे आला की लहान. मुळात ते होतंच एवढंसं, की एका टोकाला मिरचीची फोडणी पडली तर दुसऱ्या टोकाला ठसका लागावा. नऊ बेटं, त्यांवर माडांची गर्दी, आणि डोंगर म्हणावा असा एकही नाही. सर्वांत उंच जागा म्हणजे राजवाड्याची गच्ची. राजाचं नाव वेलाधर. राजा बरा होता. रागावला तरी जेवायच्या वेळेपर्यंत विसरून जाई.

ओहोटी लागली की बेटांच्या पूर्वेला पोवळ्यांचे सात खडक उघडे पडत. हे खडक जिवंत होते. दर पिढीला बोटभर वाढत. सहा खडक रोज दिसत. सातवा सर्वांत दूरचा, भर समुद्रातला. तो फक्त पौर्णिमेला आणि अमावास्येला वर येई. बाहेरून आलेली मोठी लाट या खडकांवर फुटे, म्हणूनच ती नऊ बेटं जागच्या जागी होती आणि विहिरींचं पाणी गोडं होतं. पण जे रोज पाठीशी उभं असतं त्याच्याकडे बघतो कोण?

बघत फक्त खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं काढणाऱ्या बायका. काठीला लोखंडी टोचा, कमरेला खोचलेला पदर, डोक्यावर टोपली, अशा त्या ओहोटीमागून चालत जात. खडकांची नावं त्यांनाच ठाऊक. आणि त्यांचा एक नेम होता. खडकाचं नाव खडकावर उभं राहूनच घ्यायचं, कोरड्या जमिनीवर कधी उच्चारायचं नाही. जमिनीवर बोललं तर वारा ऐकतो, वारा चोराला सांगतो. आईने लेकीला दर वर्षी एकेक नाव सांगायचं, तेही त्या त्या खडकावर नेऊन. सातव्यावर जायचा मान एकाच घराण्याचा. त्या घरात आवडाई होती आणि तिची लेक गोजरी.

आता नेम चांगलाच होता. पण त्याचा परिणाम असा झाला, की दरबारात खडकांचं नाव कधी कोणी ऐकलंच नाही. दरबारचे नकाशेदार त्रिविक्रमपंत. चाळीस वर्षं नकाशे काढले, पण दरबारी माणसाने चिखलात पाय घालू नये म्हणून भरती पुरती चढल्यावर ते गच्चीवर जात आणि दिसेल ते काढत. त्यामुळे त्यांच्या नकाशात सात खडकांच्या जागी नुसतं निळं पाणी होतं आणि पाण्यात एक मासा. मासा मात्र सुरेख होता.

समुद्रापलीकडे राजा उग्रबाहूचं राज्य. ते इतकं मोठं, की राजाने स्वतःही ते पुरतं पाहिलेलं नव्हतं. एके दिवशी वेलाधराचा नकाशा त्याच्या हाती पडला. सात खडकांची बातमी त्याला खलाशांकडून आधीच होती. तो म्हणाला, "हे खडक यांच्या नकाशात नाहीत. म्हणजे ते कोणाचेच नाहीत. म्हणजे ते आमचे आहेत."

त्याच्या पदरी खर्परनाथ नावाचा मांत्रिक होता. एका बुडालेल्या राजाच्या मुकुटातले शापित मोती कुटून त्याने शाई केली होती. तिने लिहिलेला शब्द पाण्यालाही ऐकू जाई. त्या शाईने त्याने सात खडकांना उग्रबाहूच्या सात पदव्या नाव म्हणून दिल्या. आणि लबाडी अशी, की त्याच शाईची दुसरी कुपी त्याने वेलाधराच्या दरबारी नजराणा म्हणून पाठवली. उग्रबाहूचा दावा कानी आल्यावर त्रिविक्रमपंतांनीही मग घाईघाईने नवा नकाशा केला आणि त्याच खडकांना वेलाधराच्या सात पूर्वजांची नावं दिली.

पौर्णिमेच्या सकाळी दोन्हीकडचे वकील भर समुद्रात एका गलबतावर भेटले.

"आम्ही पहिले आलो," एक म्हणाला.

"नव्हे, आम्ही पहिले," दुसरा म्हणाला.

दोघांनी नकाशे समोरासमोर उलगडले. त्याच क्षणी ओहोटी उलटली. समुद्र घोड्यासारखा उधळत आला, सातही खडक बुडाले, आणि पाणी काठाला टेकून उभं राहिलं. दुपार झाली, संध्याकाळ झाली, पण ते मागे सरेना.

जवळच्या खडकांवरच्या बायका धावत काठाला लागल्या. आवडाई मात्र सातव्यावर होती. ती आली नाही.

खरं तर त्या दिवशी गोजरीही तिथे असायची. नावं शिकायचं तिचं सातवं वर्ष, सातवं नाव कळायचा दिवस. पण आदल्या संध्याकाळी ती हट्टाला पेटली होती. "सांगायचं तर इथंच सांग गो आये. एका नावासाठी कोसभर चिखल तुडवायचा?" आवडाई म्हणाली, "तिथं गेल्याबिगर नाय." यावरून दोघींचं वाजलं. सकाळी आई एकटीच निघाली. गोजरी अंगणात पाठ करून बसून राहिली. आईने जाताना वळून पाहिलं असेल का, हे तिला माहीत नव्हतं, कारण तिने वळून पाहिलं नव्हतं. आता तेच तिला खाऊ लागलं.

चौथ्या दिवशी तिने सातव्या खडकावर होडी नेली आणि पाण्यात बुडी मारली. आई खाली होती. पोवळ्याची झाली होती. एक गुडघा टेकून वाकलेली, हातात तांब्या. जणू कोणाची वाट पाहत होती. गोजरीने तिच्या गालाला हात लावला तर गाल खरखरीत लागला. ती वर आली आणि होडीत बसून ओक्साबोक्शी रडली.

डोलकाठीवर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. तो म्हणाला, "रडून पाणी वाढवू नकोस. आधीच पुष्कळ आहे. मला राजाकडे ने."

गोजरीने त्याला दरबारात नेलं. एव्हाना समुद्र राजवाड्याच्या दुसऱ्या पायरीवर आला होता आणि विहिरी खाऱ्या झाल्या होत्या. पाणकावळा सिंहासनाच्या पाठीवर बसला. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

"महाराज," तो म्हणाला, "या समुद्राला एक जुना शाप आहे. खोट्या नावाने हाक मारली तर तो चढून येतो, मागे सरत नाही, आणि त्याच्या कवेत सापडलेलं माणूस पोवळ्याचं होतं. तुम्ही दोघांनी एकदम मारलीत. त्यासाठीच तर त्या मांत्रिकाने तुम्हाला शाई धाडली: बेटं बुडाली की वाद मिटला."

"उपाय?"

"उपाय तीन. पहिला, कधी न भिजलेला नकाशा भिजवा. दुसरा, जमिनीवर कधी न बोललेली नावं जमिनीवर बोला. तिसरा, जे नाव तुमच्यापाशी नाही ते ज्याच्यापाशी असेल त्याच्याकडून मागून आणा, आणि दोन्ही राजांसमोर घ्या. अमावास्येच्या दुपारच्या आत. त्या दुपारी मोठं उधाण येईल आणि तुमची गच्चीही वाचणार नाही."

"आणि माझी आय?" गोजरीने विचारलं.

पाणकावळ्याने पंख मिटले. "खरी नावं घेतली तर ओहोटी येईल, एवढं मला ठाऊक आहे. दगडाचं माणूस होईल का, ते नाही ठाऊक. मी पाणकावळा आहे."

पहिलं काम सोपं वाटलं. नकाशा पाण्यात बुडवला. पण शाई जाईना. दगडावर घासला, तरी जाईना. पाणकावळा म्हणाला, "ज्याने काढला त्याचे पाय आधी भिजू देत."

सगळ्यांनी त्रिविक्रमपंतांकडे पाहिलं. पंतांनी जोडे काढले, मोजे काढले, धोतर गुडघ्यापर्यंत धरलं, आणि डोळे मिटून पायरी उतरले. चाळीस वर्षांत प्रथमच. पाचव्या पावलाला ते ओरडले. कालवांच्या शिंपल्याने त्यांचा तळवा कापला होता. पंत वाकले, बोटाने ती धार चाचपली, आणि रक्त वाहत असताना म्हणाले, "याला धार आहे! हे गच्चीवरून कसं दिसणार? अहो, हे नकाशात दाखवायचं तरी कसं?" मग ते कंबरेइतक्या पाण्यात शिरले, आणखी काय काय आहे ते बघायला. त्यांना परत बाहेर काढायला दोन शिपाई लागले. तोवर नकाशावरची शाई विरघळून गेली होती. समुद्र तिसऱ्या पायरीवर येऊन थबकला.

दुसरं काम गोजरीचं. ती राजवाड्याच्या दारात, कोरड्या फरशीवर उभी राहिली. कालवंवाल्या बायका जमल्या होत्या. त्यांनी कानांवर हात ठेवले. एक म्हातारी म्हणाली, "गोजरे, बोलू नको गो. आपल्या सात पिढ्यांनी तोंड मिटून ठेवलंय."

"म्हणून तर ही वेळ आली, आजी. आपण बोललो नाय, त्यांनी मनचं लिवलं." आणि तिने एकेक नाव घेतलं. "म्हातारीचा उंबरा. दोघी जावा. रांजण. उलटं सूप. लेकुरवाळी. मुकी घंटा."

प्रत्येक नावागणिक एकेक माथा पाण्याबाहेर आला, सहाच्या सहा. राजा गच्चीवरून पाहत राहिला. "आमच्या राज्यात हे होतं?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "दोघी जावा का म्हणतात?" बायकांनी कानांवरचे हात काढले आणि सांगितलं, की त्या दोन सुळक्यांमधून पाणी जाताना अखंड कुरबुर ऐकू येते. राजा हसला, आणि मग गंभीर झाला. पाणी अजून तिसऱ्या पायरीवरच होतं. सातवं नाव उरलं होतं.

सातवं नाव आवडाईपाशी होतं आणि आवडाई पाण्याखाली. दुसऱ्या कोणापाशी असेल? गोजरीने सगळी बेटं पालथी घातली. मग तिला आईच्या हातातला तांब्या आठवला. कालवं काढायला जाताना गोड्या पाण्याने भरलेला तांब्या कशाला? वाट कोणाची पाहत होती? सातव्या खडकापलीकडे तर फक्त पलीकडचा किनारा. तिने होडी पूर्वेला वळवली. पाणकावळा होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसला.

संध्याकाळी पलीकडचा किनारा लागला. तिथेही समुद्र मागे सरला नव्हता. उग्रबाहूचं राज्य डोंगराळ, राजधानी उंचावर, तिला काय झळ? पण काठचं एक गाव गुडघाभर पाण्यात उभं होतं. एका झोपडीत माळ्यावर एक बाई बसली होती. तिच्याजवळ काठी, काठीला लोखंडी टोचा. गोजरीच्या घरी होता तसाच.

"कोण गो तू?" बाईने विचारलं.

"आवडाईची लेक."

ती बाई माळ्यावरून उतरली. तिचं नाव भिवराई. तिने पाट आणला, दोन दगडांवर ठेवला, गोजरीला त्यावर बसवलं आणि राखून ठेवलेल्या मडक्यातल्या गोड्या पाण्याने तिचे पाय धुतले. गोजरी ओशाळली. एवढ्या वयाची बाई, आणि पाणी तर घोटभरसुद्धा मिळत नव्हतं.

"बस गप," भिवराई म्हणाली. "रीत आहे. तुझी आय माझी विहीण."

"आमच्या घरातलं लगीन तुमच्या घरात कधी झालं?"

"लगीन नाय, बाय. तो खडक बरोबर मधोमध. तुमची पोरगी की आमची, सांगता येत नाय. मग आमच्या पणज्यांनी ठरवलं, आपण विहिणी. पुनवेला जी आधी पोचेल तिनं मांडायचं, मागून येईल तिनं बसायचं. आधी आली तिनं पाय धुवायचे. त्या खडकाचं नाव विहिणीचा पाट." तिने डोळे पुसले. "त्या दिवशी मला ताप होता. मी गेले नाय. ती आधी पोचली, तांब्या घेऊन बसली असेल माझ्यासाठी."

गोजरीला सगळं कळलं. ती म्हणाली, "मावशी, मीही गेले नाय."

दोघी होडीत बसून निघाल्या. भिवराईने आपल्या राजाकडे निरोप धाडला: अमावास्येच्या सकाळी सातव्या खडकावर या, नाव सांगितलं जाईल. हाच निरोप पाणकावळा वेलाधराकडे घेऊन गेला.

अमावास्येच्या सकाळी दोन राजांची दोन गलबतं तिथे आली. समुद्र फुगत होता. मध्ये गोजरीची लहान होडी. प्रथम खर्परनाथ पाण्यावरून चालत तिच्याजवळ आला. त्याचे पाय ओले होत नसत.

"मुली, मला तुझी आई उठवता येते. बघ." त्याने पाण्याला बोट लावलं. खाली पोवळ्याच्या हाताची करंगळी हलली. "फक्त एवढं म्हण: सातवा खडक उग्रबाहूचा. आई आत्ता होडीत येईल. तुमची बेटं बुडाली तर तुम्हा दोघींना डोंगरावर घर देईन."

मग वेलाधर राजा कठड्यावरून वाकला. त्याचे डोळे जागरणाने लाल होते. "पोरी, माझी प्रजा गच्चीवर बसली आहे. सहा खडक तुझ्या मुखाने आमचे ठरले. सातव्यालाही आमच्या घराण्याचं नाव दे. परत कोणी वाद काढायला नको."

गोजरीने पाण्यात पाहिलं. ती करंगळी अजून हलत होती. एक शब्द, आणि आई वर. पण मग तिला वाटलं, ही बाई सात वर्षं थांबली. मी रडले, भांडले, तरी चुकीच्या जागी तिने ते नाव उच्चारलं नाही. तिला उठवायला मी त्याच जागी खोटं बोलू? उठली तर पहिली थोबाडीत मारील.

ती होडीत उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "ऐका दोघंही. याचं नाव विहिणीचा पाट. तो आमचा नाय आणि तुमचाही नाय. पाट मांडणारीचा नसतो. मागून येणारीचा असतो."

क्षणभर काही झालं नाही. मग समुद्राने मोठा सुस्कारा सोडला आणि तो मागे सरू लागला. राजवाड्याच्या पायऱ्या मोकळ्या झाल्या, माडांची मुळं मोकळी झाली, सातही खडक उघडे पडले. दोन्ही राजांची गलबतं चिखलात टेकली आणि एकमेकांकडे कलली. खर्परनाथाच्या हातची शाई उलटी त्याच्याच अंगात शिरली. तो आक्रसत आक्रसत खेकडा झाला आणि आडवा चालत कपारीत गेला. अजून तिथेच आहे.

पण आवडाई पोवळ्याचीच राहिली. गुडघा टेकलेली, तांब्या पुढे धरलेली. करंगळीही थांबली होती. गोजरी तिच्यापाशी धावली. तिने हाका मारल्या, खांदे हलवले, माफी मागितली. काही नाही. पाणकावळ्यानेही मान वळवली.

तेव्हा भिवराई होडीतून उतरली. लुगडं सावरत, घाई न करता ती खडकाच्या सपाट माथ्यावर आली, आवडाईसमोर बसली आणि पाय पुढे केले.

"विहीणबाई," ती म्हणाली, "उशीर झाला खरा. पण आलेय."

विहीण पाटावर बसावी आणि मांडणारीने तांब्या कलता करू नये, असं त्या खडकावर कधी झालं नव्हतं. पोवळ्याचा हात हलला. तांब्यातून गोड्या पाण्याची धार भिवराईच्या पायांवर पडली. मग मनगट सावळं झालं, मग दंड, मग चेहरा. आवडाईने दोन्ही पाय नीट धुतले, पदराने पुसले, आणि मगच मान वर केली.

"पंधरा दिस तांब्या धरून बसले तुझ्या वाटेवर," ती म्हणाली. "गुडघा गेला माझा."

मग तिला लेक दिसली. गोजरीने आईच्या कमरेला मिठी मारली ती सोडीच ना.

दोन्ही राजे चिखलात उतरून हे पाहत होते. आवडाई त्यांच्याकडे वळली. "महाराज, इथली रीत ऐकलीत ना? आधी आला तो पाय धुणार, मागून आला तो बसणार. तुमच्यातलं आधी कोण आलं?"

ज्या प्रश्नावरून दोन दरबार भांडले तो प्रश्न हाच. उग्रबाहू खाकरला. "आम्हाला वाटतं, वेलाधर महाराज आधी आले."

"छे, छे," वेलाधर म्हणाला, "मान आपलाच. आपण आधी."

पाणकावळा म्हणाला, "मी पाहिलं. दोघंही एकदम आले." मग दोघांनाही वाकावं लागलं. उग्रबाहूला वाकायची सवय नव्हती. पण वेलाधराचा पाय हातात घेतल्यावर त्याने टाचेवरची भेग पाहिली आणि विचारलं, "हे कशाने?" अशी दोघांत पहिली साधी गोष्ट सुरू झाली. त्या दिवसापासून खडकांवरून भांडण झालं नाही. सहांपैकी कोणते कोणाचे, हेही तिथेच बसून ठरलं, आणि सातवा कोणाच्याच नकाशात रंगवायचा नाही असं ठरलं.

त्रिविक्रमपंतांनी नवा नकाशा केला. आता ते रोज अनवाणी चिखलात जातात. नकाशात सहा खडक नावांनिशी आहेत. सातव्याच्या जागी कागद कोरा, आणि मासा तेवढा ठेवला आहे.

संध्याकाळी तिघी टोपल्या भरत होत्या. गोजरी हळूच म्हणाली, "आये, त्या दिशी तू जाताना वळून बघितलंस का गो?"

"तीनदा," आवडाई म्हणाली. "टोपली धर सरळ."

जसा त्यांचा समुद्र मागे सरला आणि विहिरीला गोडं पाणी आलं, तसं तुमच्याआमच्या दारीही येवो. आणि मागून येणाऱ्यासाठी एक पाट मांडलेला असो.